दहावीची उजळणी एआयकडून आखून घेताना: आधी चुकांची वही, मग वेळापत्रक

‘मला दहावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक बनवून दे,’ एवढंच एआयला लिहिलं तर काही सेकंदांत देखणा तक्ता समोर येतो. पहाटे पाचला उठा, सहा ते आठ गणित, संध्याकाळी विज्ञान, रोज आठ-दहा तास. बहुतेक घरांत हा तक्ता तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद पडतो आणि मुलं स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात. त्यात मुलांची चूक फारशी नसते. त्या तक्त्यात त्यांचं काहीच नव्हतं: रोज एसटीत जाणारा वेळ नव्हता, वेचणीचे दिवस नव्हते, भूमितीत बरे आणि विज्ञानात कमी पडलेले गुणही नव्हते.

एआयला तुम्ही दिसत नाही. तुम्ही जे लिहाल तेवढंच त्याला कळतं, बाकीचं तो सरासरीने भरतो. त्यामुळे इथला निम्मा मजकूर एआय उघडण्याआधीच्या कामाबद्दल आहे. उदाहरण राज्य मंडळाच्या दहावीचं, मराठी माध्यमाचं घेतलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, पण प्रश्नपत्रिका आणि आराखडा राज्यभर एकच असतो.

कोणतं साधन घ्यावं

यावर फार वेळ घालवू नका. चॅटजीपीटी, जेमिनी यांपैकी कुठलंही एक चालेल, फुकटचं खातं पुरतं. सोबत नोटबुकएलएम ठेवा. त्यात तुम्ही पुस्तकाचा धडा टाकला की ते त्या धड्याच्या आधाराने उत्तर देतं आणि उत्तर कुठून घेतलं त्याचा आकडा शेजारी दाखवतं. वेळापत्रक आखायला पहिल्या दोघांपैकी एक, धड्यावर प्रश्न काढायला नोटबुकएलएम, अशी विभागणी सोयीची. वयाची अट साधनागणिक वेगळी असते आणि दहावीची मुलं अठराच्या आतली असतात, म्हणून खातं आई-वडिलांना सांगूनच उघडा. बैठक क्रमांक, आधार क्रमांक, शाळेचं ओळखपत्र यातलं काहीही तिथे टाकू नका. वेळापत्रकासाठी त्याची गरज नसते.

पहिलं काम: एक पेपर, घड्याळ लावून

तुम्ही कुठे कच्चे आहात ते एआयला विचारू नका, आणि स्वतःच्या अंदाजावरही जाऊ नका. ‘मला विज्ञान कठीण जातं’ या वाक्यातून कोणालाच काही करता येत नाही. मागच्या वर्षीची विज्ञान भाग १ ची प्रश्नपत्रिका घ्या, दोन तासांचा गजर लावा आणि पुस्तक बंद ठेवून सोडवा. पेपर ४० गुणांचा आहे. तसंच विज्ञान भाग २, बीजगणित आणि भूमिती. चार पेपर, चार वेगवेगळे दिवस. एकाच रविवारी चारही उरकले तर चौथ्या पेपरातल्या चुका थकव्याच्या निघतील आणि निदान चुकेल.

मग पेपर तपासा, जमलं तर शिक्षकांकडून. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे पाचपैकी एक खूण करा:

स – संकल्पनाच समजलेली नाही
वि – समजलं होतं, विसरलं
ग – गणनेची किंवा घाईची चूक
मां – माहीत होतं, मांडणीत गुण गेले (आकृतीला नावं नाहीत, सूत्र लिहिलं नाही, एकक नाही)
वे – वेळच पुरला नाही

ही पाच अक्षरं म्हणजे सगळ्या आखणीचा कणा आहे. कारण प्रत्येकाचा उपाय निराळा. ‘स’ला धडा पुन्हा शिकावा लागतो, दीड तास तरी जातो. ‘वि’ला शिकवणं नको, दोन-चार दिवसांच्या अंतराने प्रश्न विचारून घेणं पुरतं. ‘मां’ला तर धडा उघडायचीही गरज नाही, उत्तर लिहून तपासून घ्यायचं. एआयला नुसते गुण दिले तर तो या सगळ्यावर एकच औषध देतो: ‘हा धडा पुन्हा वाचा.’

एक उदाहरण. अंतर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू भिंगापासून ६० सेमीवर, प्रतिमा कुठे? चिन्ह संकेत पाळला, म्हणजे दोन्ही अंतरं ऋण घेतली, तर उत्तर उणे १५ सेमी येतं, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला. नाभीय अंतर धन घेतलं तर ३० सेमी येतं. आता हा गुण का गेला? चिन्ह संकेत माहीतच नसेल तर ‘स’. माहीत होता पण पेपरात आठवला नाही, तर ‘वि’. लिहिताना उणे चिन्ह गळालं, तर ‘ग’. हे फक्त तुम्हालाच सांगता येतं.

या खुणांसाठी शंभर पानी वही वेगळी करा. एका ओळीत तारीख, धडा, काय चुकलं, खूण. हीच चुकांची वही. पुढचं सगळं हिच्यावर चालणार आहे.

दुसरं काम: हातात खरोखर किती तास आहेत

एक आठवडा फक्त नोंद ठेवा. शाळा, क्लास, एसटी, घरातलं काम, सगळं. खानदेशात दिवाळीच्या सुट्टीपासून पुढे कापसाच्या वेचणीला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. रब्बीच्या पाण्याला रात्रीची वीज असेल तर वडिलांसोबत शेतात जाणारी मुलं सकाळी अभ्यासाला बसू शकत नाहीत. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा असते, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. हे लपवायचं कारण नाही. असे दिवस कॅलेंडरवर आधीच ‘शून्य तास’ म्हणून लिहा. शून्याचा दिवस ठरलेला असला की तो बुडाला असं वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं काम जागेवर राहतं.

समजा नोंदीत सोमवार ते शनिवार रोज अडीच तास आणि रविवारी चार तास निघाले. आठवड्याचे १९ तास. त्यातले चार बाजूला ठेवा, आजारपण, पाहुणे आणि वीज जाणं यांच्यासाठी. उरले १५. आठ आठवडे असतील तर १२० तास. घरोघरी दिसणाऱ्या तक्त्यांमध्ये याच काळात पाचशेच्या आसपास तास धरलेले असतात. सगळा घोळ तिथेच होतो.

१२० तासांची एक वाटणी अशी होऊ शकते: विज्ञान ३६, गणित ३६, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मिळून १८, तिन्ही भाषा १८, पूर्ण पेपर १२. पूर्ण पेपरला दोन तास सोडवायला आणि एक तास चुकांच्या वहीला, म्हणजे १२ तासांत चार पेपर होतात. ज्याचं गणित पक्कं आणि इंग्रजी कच्चं आहे त्याने हे आकडे बदलावेत, पण बेरीज १२० च राहिली पाहिजे.

विज्ञानाचे दोन्ही भाग मिळून २० धडे. चुकांच्या वहीवरून त्यांना तीन रंग द्या. हिरवा म्हणजे १ तास, पिवळा २ तास, लाल ३ तास. आठ हिरवे, आठ पिवळे, चार लाल असतील तर ८ + १६ + १२, बरोबर ३६. लाल धडे दहा निघाले तर तास पुरणार नाहीत. मग निवड करावी लागेल, आणि ती आज करणं परीक्षेच्या आठवड्यात करण्यापेक्षा केव्हाही बरं.

माहितीचं पान आणि नेमकी सूचना

आता एआय उघडा. त्याआधी फोनच्या नोंदीत एक ‘माहितीचं पान’ लिहून ठेवा. संवाद लांबला की आधी सांगितलेलं निसटायला लागतं, तेव्हा नवा संवाद उघडून हेच पान पुन्हा चिकटवायचं. पान साधारण असं:

‘मी महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावीची विद्यार्थिनी आहे, मराठी माध्यम, बालभारतीची पुस्तकं. एनसीईआरटीचा अभ्यासक्रम वापरू नकोस. परीक्षा सुरू होण्याची तारीख: (मंडळाच्या वेळापत्रकातली लिहा). आजची तारीख आणि वार: (लिहा). माझ्याकडे सोमवार ते शनिवार रोज अडीच तास आहेत: सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते साडेनऊ. रविवारी सकाळी ४ तास. आठवड्यातले ४ तास राखीव, त्यात काम टाकू नकोस. शून्य तासांचे दिवस: (तारखा). धड्यांची यादी, प्रत्येकापुढे रंग आणि चुकांची खूण: (यादी).’

परीक्षेची तारीख एआयला विचारू नका. २०२४ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच. जुन्या माहितीवर बोलणारं साधन सरळ मार्च धरून चालतं आणि तुमचा आठवडाभर हातचा जातो.

पानाखाली सूचना:

‘यावरून फक्त पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक तक्त्यात दे. स्तंभ: तारीख, वार, वेळ, धडा, नेमकं काम, मिनिटं. लाल धड्याला पहिल्या दिवशी ९० मिनिटं, मग पुस्तक न उघडता प्रश्नांची उजळणी: दुसऱ्या दिवशी ३०, तीन दिवसांनी २५, सात दिवसांनी २०, एकवीस दिवसांनी १५ मिनिटं. ‘वि’ खुणेच्या धड्याला पुन्हा वाचन देऊ नकोस, फक्त प्रश्न दे. एका दिवसात दोन लाल धडे नकोत. दोन आठवड्यांत न मावलेल्या उजळण्यांची आणि धड्यांची वेगळी यादी दे. शंका असेल तर आधी मला प्रश्न विचार.’

लाल धड्याच्या मिनिटांची बेरीज १८०, म्हणजे आपले तीन तास. अंतर वाढवत उजळणी करण्यामागे जुना आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजून दाखवला: शिकल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त निसटतं, पुढे वेग मंदावतो. दुसऱ्या दिवसाची उजळणी म्हणूनच चुकवायची नाही. आणि उजळणी म्हणजे वाचन नव्हे, आठवणं. अधोरेखित ओळी पुन्हा वाचल्या की सगळं ओळखीचं वाटतं, पण पेपरात ओळखायचं नसतं, रिकाम्या पानावर लिहायचं असतं.

दोनच आठवडे मागण्याचं कारणही साधं आहे. आठ आठवड्यांचा तक्ता मागितला की पुढचे आठवडे नुसतं ‘उजळणी व सराव’ अशा शब्दांनी भरले जातात.

आलेला तक्ता तपासणं

ही पायरी गाळू नका. भाषेची ही साधनं बेरजेत आणि तारखांत घसरू शकतात. पेन्सिल घेऊन चार गोष्टी पाहा. प्रत्येक दिवसाच्या मिनिटांची बेरीज तुमच्या तासांपेक्षा जास्त आहे का? तारीख आणि वार जुळतात का? शून्याच्या दिवशी काम आलंय का? आणि धडे मोजा. विज्ञान २०, बीजगणित ६, भूमिती ७, एकूण ३३. तक्ता आणि उरलेल्यांची यादी मिळून ३३ भरले पाहिजेत. एखादा धडा गुपचूप गळालेला असतो आणि तक्ता इतका नीटनेटका दिसतो की कोणी मोजत नाही. चूक सापडली तर ‘पुन्हा कर’ म्हणू नका, नेमकं सांगा: ‘बुधवारी १९५ मिनिटं झाली, १५० हवीत. उष्णता हा धडा राहिला.’

तक्ता बरोबर झाला की वहीत हाताने उतरवा. फोन घरात एकच असतो आणि तो संध्याकाळी वडिलांसोबत असतो, अशी घरं पुष्कळ आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंजचाही भरवसा नसतो. तिथे उत्तम पद्धत म्हणजे बाजाराच्या दिवशी, रेंज असलेल्या जागी, सात दिवसांचे प्रश्न आणि उत्तरं एकदम काढून घेणं. प्रश्न वहीच्या पुढच्या पानांवर, उत्तरं मागच्या पानांवर. बाकी आठवडा फोनविना.

धड्यावर प्रश्न काढताना

बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ घ्या आणि हवा तो एकच धडा नोटबुकएलएमला द्या. आधी एक चाचणी करा: पीडीएफमधली एक मराठी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. अक्षरांचा चिवडा दिसला तर ती जुन्या फाँटची फाइल आहे आणि एआयलाही तिथे चिवडाच मिळण्याचा धोका आहे. अशा वेळी पुस्तकाच्या पानांचे उजेडात काढलेले फोटो द्या.

प्रश्न मागताना पेपरचा आराखडा शब्दांत सांगा. विज्ञानाच्या ४० गुणांत १० गुण एकेक गुणाच्या प्रश्नांना, ४ गुण दोन शास्त्रीय कारणांना, ६ गुण दोन गुणांच्या तीन प्रश्नांना, १५ गुण तीन गुणांच्या पाच प्रश्नांना आणि ५ गुण एका मोठ्या प्रश्नाला असतात. हे न सांगता ‘सराव प्रश्नपत्रिका दे’ म्हटलं की ८० गुणांची, तीन तासांची, सीबीएसईच्या वळणाची प्रश्नपत्रिका येते. मूल तिच्यावर रविवार घालवतं आणि गुण कमी आले म्हणून खचतं.

सूचना अशी: ‘फक्त या धड्यावरून तीन गुणांचे पाच प्रश्न विचार. एका वेळी एकच. मी उत्तर लिहीपर्यंत उत्तर सांगू नकोस. मी चुकले तर आधी एक इशारा दे, उत्तर नंतर.’ शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. ती नसली तर एआय प्रश्नाखालीच उत्तर देऊन मोकळा होतो आणि आठवण्याची मेहनत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, होतच नाही.

शब्दांचा सापळा

मराठी माध्यमाच्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. एआयच्या मराठी उत्तरांत हिंदी परिभाषा बेमालूम घुसते. ती शुद्ध, भारदस्त वाटते, त्यामुळे संशय येत नाही. वस्तुमानाच्या जागी ‘द्रव्यमान’, घनतेच्या जागी ‘घनत्व’, नाभीय अंतराऐवजी ‘फोकस दूरी’, बहिर्गोल भिंगाऐवजी ‘उत्तल लेंस’, क्षपणाऐवजी ‘अपचयन’, अंकगणिती श्रेढीऐवजी ‘समांतर श्रेणी’. उत्तरपत्रिकेत हे शब्द गेले तर तपासणाऱ्याला थबकावं लागतं, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रश्नपत्रिकेतला पुस्तकी शब्द मुलाला अनोळखी वाटतो.

उपाय: प्रत्येक धड्याच्या शेवटी पुस्तकातल्या पंधरा-वीस पारिभाषिक शब्दांची यादी तुम्ही स्वतः काढा, ती माहितीच्या पानात टाका आणि लिहा: ‘फक्त हेच शब्द वापर. यादीबाहेरचा शास्त्रीय शब्द आला तर त्याखाली रेघ दे.’ तरीही एखादा सुटतो. उत्तर वहीत उतरवताना शब्द पुस्तकाशी ताडून पाहायची सवय ठेवा.

घरात अहिराणी बोलली जात असेल तर संकल्पना समजून घेताना ती खुशाल वापरा, पण आईला, भावाला, शेजारच्या मित्राला मोठ्याने समजावून सांगण्यासाठी. ज्याला अपवर्तन अहिराणीत सांगता आलं त्याला ते खरंच कळलेलं असतं. एआयची अहिराणी मात्र कच्ची आहे, तिच्या नादी लागू नका. आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग पुस्तकाच्या शब्दांत लिहायचं, हा क्रम चांगला बसतो.

उत्तर तपासून घेणं

हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो देऊन गुण मागता येतात, पण तीन गोष्टी सांभाळा. आधी ‘मी काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करून दाखव’ असं सांगा. देवनागरी हस्ताक्षर वाचताना तो चुकतो, आणि कधी चुकीचं वाक्य आपणच दुरुस्त करून वाचतो. दुसरं, थेट गुण मागू नका. ‘या तीन गुणांच्या प्रश्नाच्या उत्तरात पुस्तकानुसार कोणते मुद्दे हवेत ते आधी लिही, मग माझ्या उत्तरात कोणते नाहीत ते सांग, गुण शेवटी.’ नुसतं ‘तपास’ म्हटलं तर ‘खूप छान’ म्हणून तीनपैकी तीन मिळतात. तिसरं, भौमितिक रचना आणि विज्ञानाच्या आकृत्या त्याच्याकडे देऊ नका. कंपासची रेघ कुठे चुकली, हृदयाच्या आकृतीतलं नाव कुठल्या कप्प्याला लागलं, हे शिक्षकांच्या नजरेलाच नीट दिसतं. गणिताचं उत्तर एआयने वेगळं दिलं तर पुस्तकामागची उत्तरसूची आधी पाहा.

रविवारची वीस मिनिटं

हे केलं नाही तर बाकी सगळं महिनाभरात विरून जातं. रविवारी माहितीचं पान नव्या संवादात चिकटवा आणि खाली आठवड्याचा हिशेब लिहा: ठरलेले तास किती, झाले किती, कोणती उजळणी बुडाली, चुकांच्या वहीत कोणत्या खुणा वाढल्या. मग: ‘बुडालेलं काम पुढच्या आठवड्यात ढकलून तास वाढवू नकोस. राखीव ४ तासांत मावेल तेवढं घे, उरलेल्यांपैकी काय सोडावं ते कारणासह सांग.’ एआयचा कल सगळं सामावून घेण्याकडे असतो. त्याला सोडायला सांगावं लागतं.

रंगही बदला. एखाद्या धड्यावर दोन वेगळ्या दिवशी पाचपैकी चार प्रश्न बरोबर आले तरच तो लालचा पिवळा करा. एकाच दिवशी दोनदा बरोबर आले तर ते धरू नका, ती ताजी आठवण असते. सलग दोन आठवडे ठरलेल्या तासांपैकी निम्मेच होत असतील, तर तासांची नोंदच चुकली होती. पानावरचा आकडा कमी करा.

सीईटी आणि नीटवाल्यांसाठी थोडक्यात

पद्धत हीच, आकडे बदलतात. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न, भौतिक-रसायनाला ९० मिनिटं आणि गणिताला ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि भर बारावीवर असतो: ८० टक्के बारावी, २० टक्के अकरावी. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. त्यामुळे नीटच्या चुकांच्या वहीत सहावी खूण हवी: ‘अं’, म्हणजे अंदाजाने उत्तर दिलं. या परीक्षांची तयारी खानदेशात ऐन उन्हाळ्यात येते. भुसावळ-जळगावच्या उन्हात दुपारी एक ते पाच डोकं चालत नाही, तेव्हा अवघड काम पहाटे आणि दुपारी फक्त सोप्या उजळण्या, हेही माहितीच्या पानात लिहा.

शेवटचे तीन दिवस

परीक्षेच्या तीन दिवस आधीपासून एआयकडून नवं वेळापत्रक किंवा नवे प्रश्न मागू नका. ‘संभाव्य प्रश्न सांग’ तर मुळीच नको. पेपरात काय येणार ते त्याला माहीत नसतं, पण यादी तो ठामपणे देतो. या दिवसांत चुकांची वही शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचत जा, प्रत्येक ओळ झाकून बरोबर उत्तर आधी तोंडी सांगा. दोन पेपरांमधल्या सुट्टीतही हेच. आदल्या संध्याकाळी हॉलतिकीट, कंपास, दोन पेनं पिशवीत भरा, केंद्र दुसऱ्या गावी असेल तर पहिल्या एसटीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा आणि त्या गाडीआधीची एक सोय पक्की करा.